अंगठ्याखालचं बटण

बोट घेऊन वर्ष झालं तरी ती मला जडच वाटायची. पाच मीटरची फायबरची बोट, मधोमध धार असलेला व्ही आकाराचा तळ, मागे ६० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. बोट हलकी, इंजिन दमदार. या जोडीने ताशी ५० किलोमीटर सहज गाठायला हवे होते. माझी बोट मात्र ४२ वर येऊन अडायची. वेगाचा लिव्हर पुढे टेकवला तरी इंजिनाचे फेरे मिनिटाला ५२०० च्या वर जायचे नाहीत. पूर्ण थ्रॉटलला फेरे ५००० ते ६००० च्या दरम्यान असावेत असं इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. म्हणजे मी पास होतो, पण काठावर.

मग सुरू झाली औषधं. तळ घासून शेवाळ काढलं. प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंधनाच्या नळीत कुठे हवा शिरतेय का ते बघितलं. शेवटी इंजिनाच्या तळाशी पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्यावर संशय घेतला. १३ इंच पिचचा पंखा काढून ११ इंचाचा बसवला (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर). फेरे वाढले, आवाज वाढला, वेग मात्र एखाद्या किलोमीटरने कमीच झाला. पुन्हा जुना पंखा बसवला आणि 'हे इंजिनच असलं' असं मनाशी ठरवून गप्प बसलो.

त्याच सुमारास मामा आले. मामांचं उभं आयुष्य बोटी चालवण्यात गेलेलं. त्यांना हौसेने फेरी मारायला नेलं. ते मागच्या बाकावर बसले आणि पूर्ण वेळ समोर न बघता कडेवरून खाली वाकून पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना मळमळतंय. धक्क्याला लागलो, दोर बांधला, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"लिव्हरवर अंगठ्याखाली बटण आहे बघ. ते तू आज एकदाही दाबलं नाहीस."

"ते इंजिन वर उचलायचं बटण आहे, मामा. किनाऱ्याला आल्यावर लागतं."

"हं. म्हणजे वर्षभर नाक खुपसून चालवतोयस."

मी काही बोललो नाही, कारण पुढची पाच मिनिटं ते काय म्हणाले हेच मला कळत नव्हतं.

ते बटण ट्रिमचं. मी त्याचं निम्मंच काम ओळखत होतो. आउटबोर्ड इंजिन बोटीच्या मागच्या फळीला बिजागरीसारखं लटकलेलं असतं आणि हायड्रॉलिक दांडे त्याला मागेपुढे कलवतात. पूर्ण खाली, बोटीच्या अंगाशी चिकटलेल्या स्थितीपासून सुरुवातीचे साधारण २० अंश हा ट्रिमचा पट्टा. बोट पळत असताना वापरायचा तो हाच. त्याच्या पुढे इंजिन वर वर जात पाण्याबाहेर येतं, तो टिल्टचा पट्टा. तो उथळ पाण्यासाठी आणि बोट ट्रेलरवर चढवण्यासाठी. माझ्या इंजिनात दोन बारीक दांडे पहिल्या पट्ट्यात ढकलतात, मग ते सुटतात आणि मधला जाड दांडा एकटाच इंजिन उचलत नेतो. त्या क्षणी पंपाचा आवाज बदलतो आणि इंजिन भराभर वर जायला लागतं. हा बदल मी वर्षभर ऐकत होतो. बोट उभी असताना.

मामांनी कागदावर बोटीची बाजू काढली आणि पेन्सिलीने इंजिन आत-बाहेर कलवून दाखवलं. इंजिन पूर्ण आत असतं तेव्हा पंखा पाणी मागे आणि थोडं खाली फेकतो. त्याचा धक्का बोटीच्या मागच्या बाजूला वर उचलतो, आणि मागचं वर गेलं की नाक खाली दबतं. इंजिन बाहेर काढलं की उलट. पाणी मागे आणि किंचित वर फेकलं जातं, मागची बाजू बसते, नाक उचलतं. मध्ये कुठेतरी पंख्याचा दांडा पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर येतो आणि सगळा जोर पुढे ढकलण्यात जातो.

नाक खाली दबलं की बिघडतं काय? वेगात असताना बोट पाण्यात तरंगत नसते, पाण्यावर घसरत असते. घसरताना तळाचा जेवढा भाग ओला, तेवढं घर्षण जास्त. माझी बोट पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत ओली राहून पळत होती. हातगाडीचं पुढचं चाक गाळात रुतलेलं आणि मी मागून जोर लावतोय, तसला प्रकार. इंजिनात दोष काहीच नव्हता, ते बिचारं गाळ ढकलत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा नसताना, आम्ही परत पाण्यात गेलो. निघायच्या आधी मामांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढून ट्रिमच्या गेजवर लावली. मी कुरकुरलो. "ते इंजिन बोटीशी किती कलंडलंय ते सांगतं," ते म्हणाले. "बोट पाण्याशी कशी आहे ते सांगत नाही. तुला कशाशी मतलब?"

सुरुवात उलट्या टोकापासून केली. इंजिन मुद्दाम बरंच बाहेर ठेवून मला लिव्हर पुढे करायला लावला. बोटीचं नाक आभाळात गेलं. समोर दिसेना, मागची बाजू पाण्यात खोल बसली, फेस उसळला आणि बोट त्या खड्ड्यातून वर चढायचं नावच घेईना. मग लिव्हर मागे, इंजिन पूर्ण आत, परत लिव्हर पुढे. या वेळी नाक थोडंसंच उचललं आणि तीन-चार सेकंदांत बोट स्वतःच्या लाटेवर चढून सपाट झाली. प्लेन होणं म्हणतात ते हेच. म्हणजे इंजिन आत ठेवायची माझी सवय चूक नव्हती, सुरुवातीच्या त्या चार सेकंदांपुरती. मी पाचव्या सेकंदालाही तिथेच होतो, आणि तासाभरानेही.

"आता टिचकी मार," मामा म्हणाले. "दाबून धरू नकोस. टिचकी."

अंगठ्याने बटणाला वरच्या बाजूने हलका स्पर्श, अर्धा सेकंद. काही झालं नाही. थांबायचं, मामा म्हणाले, बोटीला उत्तर द्यायला दोन-तीन सेकंद लागतात. हे 'थांबायचं' मला सगळ्यात जड गेलं. मी घाईने दुसरी, तिसरी मारत सुटायचो आणि बोट एकदमच पुढच्या स्थितीला पोचायची.

तिसऱ्या टिचकीनंतर पहिल्यांदा काहीतरी जाणवलं, आणि ते डोळ्यांना नव्हे तर हातांना. स्टिअरिंग हलकं झालं. वर्षभर चाक उजवीकडे ओढायचं. तासभर चालवलं की डावा खांदा भरून यायचा, आणि सगळ्या बोटी अशाच असतात अशी मी समजूत करून घेतली होती. ती ओढ विरघळत गेली. पाचव्या टिचकीला आवाज बदलला. इंजिनाची घरघर थोडी मोकळी झाली, उतारावर गाडीची होते तशी. लिव्हरला मी हातही लावला नव्हता.

"आता खाली बघ. तुषार कुठून निघतोय?"

तेव्हा कळलं की आदल्या दिवशी मामा कडेवरून काय बघत होते. बोट पाणी कापते तिथून दोन्ही बाजूंना तुषारांचा पंखा उघडतो. इंजिन आत असताना तो माझ्याही पुढून, नाकाजवळून निघायचा आणि वाऱ्यावर आमच्याच अंगावर यायचा. आता तो मागे सरकून माझ्या सीटच्या मागून निघत होता. त्याच्या पुढचा सगळा तळ हवेत, कोरडा. मामांचं गेज म्हणजे हा तुषार. मागे सरकला की समजायचं, ओला भाग कमी झाला.

मी आनंदात आणखी दोन टिचक्या मारल्या. बोट उड्या मारायला लागली. लहान नाही, लयीत मोठ्या उड्या. नाक वर, नाक खाली, वर, खाली, आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात. समोर पाणी आरशासारखं सपाट होतं, तरीही. समुद्रात डॉल्फिन जसा वर-खाली होत पळतो तशीच ही चाल, म्हणून इंग्रजीत तिला त्याच्याच एका भाईबंदाचं, पॉर्पॉइजचं नाव दिलंय. नाक इतकं उचललं जातं की तळाच्या मागच्या तुकड्याला ते पेलत नाही, नाक पडतं, पडताना उचल मिळते, परत वर. उपाय साधा: एक टिचकी आत. उड्या थांबल्या. "तिथेच," मामा म्हणाले. "उड्या सुरू होतात त्याच्या एक टिचकी अलीकडे."

खरं तर तिथे थांबायला हरकत नव्हती. पण त्याच्याही पलीकडे काय आहे ते मला बघायचं होतं. उड्या सहन करत आणखी एक-दोन टिचक्या बाहेर गेलो आणि चाक जरासं वळवलं. इंजिन एकदम किंचाळलं, फेरे ५००० च्या पार गेले, आणि बोट कुणीतरी मागून दोर ओढल्यासारखी मंदावली. "पंख्याने हवा खाल्ली," मामा शांतपणे म्हणाले. पंखा पृष्ठभागाच्या इतका जवळ आला होता की त्याने वरून हवा ओढून घेतली. हवेत फिरणाऱ्या पंख्याला पकड नसते, म्हणून फेरे वाढतात आणि ढकलणं थांबतं. लिव्हर मागे घेतला, इंजिन आत घेतलं, पकड परत आली.

नावांचा इथे एक मजेदार घोळ आहे. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिला सगळेजण अँटी-कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. कॅव्हिटेशन म्हणजे पात्याच्या एका अंगाला दाब इतका कमी होणं की पाणी थंड असूनही तिथे उकळून त्याची वाफ होते. ते बुडबुडे फुटताना पात्याचा धातू खातात, त्यावर बारीक खळगे पडतात. ती पट्टी याला काहीच करत नाही. तिचं काम वरून येणारी हवा अडवणं एवढंच. ती व्हेंटिलेशन, म्हणजे पंख्याचं हवा खाणं, रोखणारी पट्टी आहे, पण चुकीचं नाव आता कायमचं चिकटलंय. मीही दुकानात तेच बोलतो, नाहीतर समोरच्याला कळत नाही.

घरी आल्यावर मला चैन पडेना. हलकं वाटलं, मोकळं वाटलं हे ठीक, पण किती? मी वहीवाला माणूस आहे. पुढच्या खेपेला मोबाइलवर जीपीएस लावला, मामांच्या हातात वही दिली आणि एकच नियम ठेवला: लिव्हर एका जागी ठेवायचा, नंतर त्याला हात लावायचा नाही. बदलायचं फक्त ट्रिम. प्रत्येक स्थितीत एकदा जाताना आणि एकदा येताना वेग घ्यायचा आणि सरासरी काढायची, म्हणजे वाऱ्याचा आणि प्रवाहाचा परिणाम खोडला जातो.

इंजिन पूर्ण आत: ३८०० फेरे, ताशी २९ किलोमीटर. तीन टिचक्यांवर ३९५० फेरे आणि ३३.५. पाचवर ४१०० आणि ३७.५. सहावर ४१५० आणि ३८.५. सातवर फेरे ४२०० झाले, पण वेग ३८ वर उतरला आणि बोट डुलायला लागली. आठवर ४३०० फेरे, ३६.५ वेग, भरपूर उड्या आणि मामांचं अक्षर वाचता न येण्यासारखं.

हे आकडे मी किती वेळ बघत बसलो असेन. तोच लिव्हर, तीच माणसं, तेच पाणी. अंगठ्याच्या सहा टिचक्यांत साडेनऊ किलोमीटर. आणि सातव्या-आठव्या ओळीतली गंमत अशी की तिथे फेरे अजून वाढतच आहेत आणि वेग मात्र घसरतोय. फेऱ्यांच्या काट्याकडे बघून ट्रिम करणारा माणूस इथे फसतो. कान सांगतो छान चाललंय, जीपीएस सांगतो नाही.

मग पंख्याच्या घसरणीचा हिशेब केला. १३ इंच पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, घट्ट पदार्थात स्क्रू घुसावा तसा, १३ इंच म्हणजे सुमारे ३३ सेंटीमीटर पुढे जायला हवा. माझ्या इंजिनाचं गिअर गुणोत्तर १.८५, म्हणजे इंजिनाचे ४१५० फेरे झाले की पंख्याचे साधारण २२४३ होतात. मिनिटाला ७४१ मीटर, तासाला ४४.४ किलोमीटर. प्रत्यक्षात मिळाले ३८.५. तूट १३ टक्के. हाच हिशेब इंजिन पूर्ण आत असताना केला तर ४०.७ किलोमीटर मिळायला हवे होते, मिळाले २९. तूट २९ टक्के. या तुटीला स्लिप म्हणतात. ती शून्यावर आणायची स्वप्नं मी एक संध्याकाळ बघितली, मग कळलं की शून्य स्लिपचा पंखा काहीच ढकलणार नाही. पातं पाण्याला थोड्या कोनातून भिडलं तरच जोर निर्माण होतो, आणि तो कोन म्हणजेच थोडी स्लिप. दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास असली की अशा बोटीला ठीक म्हणतात. एकोणतीस ही लाज होती.

पूर्ण थ्रॉटलचीही परीक्षा झाली. ५२०० फेरे आणि ४२ किलोमीटरच्या जागी ५६५० फेरे आणि ५२ किलोमीटर. वेग ५० च्या पुढे गेल्यावर सातवी टिचकीही पचली. जास्त वेगात तळाला पाण्याचा आधार वाढतो, तेव्हा सर्वोत्तम जागा थोडी बाहेर सरकते. म्हणून 'सहा टिचक्या' हेही कायमचं उत्तर नव्हे, पण हे नीट कळायला मला पुढे आणखी महिना लागला.

आणि तो ११ इंचाचा पंखा! उत्सुकता म्हणून परत बसवला. नीट ट्रिम केल्यावर लिव्हर अजून शिल्लक असतानाच फेरे ६००० च्या पार जायला लागले. तेव्हा मी दुखणं सोडून भलत्याच अवयवावर शस्त्रक्रिया केली होती. तो पंखा आता जादाचा म्हणून डिकीत आहे.

इंधनाचं मोजमाप सोपं ठेवलं. २४ किलोमीटरची एकच फेरी, निघताना टाकी काठोकाठ, परतल्यावर मापाच्या डब्याने पुन्हा काठोकाठ. लिव्हर त्याच जागी. इंजिन आत ठेवून ९.१ लिटर, सहा टिचक्यांवर ७.२. मापाच्या डब्याने मोजलेलं आहे, प्रयोगशाळेत नव्हे, पण वर्षभर मी दर पाच डब्यांतला एक पाणी ढकलण्यात घालवला होता, एवढं त्यातून दिसतं.

चाकाच्या ओढीचं थोडं सांगायला हवं, कारण खांदा माझा दुखत होता. मागून बघितल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा इंजिन आत असताना चाक उजवीकडे ओढतो आणि इंजिन जास्तच बाहेर काढलं की डावीकडे. मध्ये ओढ नाहीशी होते. माझ्या बोटीत सहाव्या टिचकीलाही उजवीकडे किंचित ओढ उरायची. मामांनी इंजिन बंद करायला लावून, किल्ली खिशात घालून, त्या आडव्या पट्टीच्या खालचा छोटा पंख दाखवला. एका बोल्टवर बसलेला, राखाडी धातूचा. मी तो आजवर फक्त गंज स्वतःवर घेणारा बळीचा बकरा समजत होतो, आणि तेही खरं आहे, म्हणूनच त्याला रंग लावायचा नसतो. पण माझ्या इंजिनावर तो एक चिमुकलं सुकाणूसुद्धा आहे. बोट उजवीकडे ओढत असेल तर त्याची मागची कड उजवीकडे वळवायची. केसभर वळवला, बोल्ट आवळला, ओढ गेली.

या पंखाला म्हणतात ट्रिम टॅब. आणि बोटीच्या मागच्या फळीवर, तळाशी दोन्ही बाजूंना ज्या हलत्या फळ्या लावतात, त्यांनाही ट्रिम टॅबच म्हणतात. नावं ठेवणाऱ्यांनी खलाशांचा छळ करायचं ठरवलेलंच दिसतं. माझ्या बोटीला त्या दुसऱ्या फळ्या नाहीत. असत्या तर बोट एका अंगाला कलली की ती सरळ करता आली असती. इंजिनाच्या ट्रिमने ते होत नाही, ते नाक वर-खाली करतं, कुशी सावरत नाही. एका बाजूला कललेली बोट मी माणसांना सरकवून सरळ करतो.

शिकल्यावर माणूस शेफारतो. मी शेफारलो. ऐन वेगात, सातव्या टिचकीवर, मित्राला दाखवण्यासाठी बोट झटक्यात वळवली. वळताना बोट एका अंगावर कलली, पंखा पृष्ठभागाकडे आला, हवा खाल्ली. पकड सुटली तशी बोट धपकन सपाट झाली आणि मित्र कडेवर आपटला. त्याला मुका मार, मला दोन दिवस त्याच्या शिव्या. तेव्हापासून वळायच्या आधी दोन टिचक्या आत, वेग थोडा कमी, आणि लाल दोरी मनगटाला आहे ना ते बघणं. ती दोरी निसटली की इंजिन बंद पडतं. चालवणारा पाण्यात पडला तर बोट त्याला सोडून गोल गोल फिरत राहू नये म्हणून ती असते.

दुसरा प्रसंग वाईट होता. परतताना वारा पाठीशी होता आणि लाटा मागून येत होत्या. मी इंजिन बरंच आत घेतलेलं, कारण जाताना समोरच्या लाटांत तसंच केल्यावर फार सुख लागलं होतं. नाक खाली असलं की त्याची धार लाटा कापते, बोट आपटत नाही. परतताना मी तेच चालू ठेवलं. एका लाटेवरून उतरताना नाक पुढच्या लाटेच्या पाठीत घुसलं. एक क्षण सगळी बोट नाकावर उभी राहिल्यासारखी झाली आणि मागची बाजू आपोआप डावीकडे फिरू लागली. चाक माझ्या हातात होतं पण त्याचा उपयोग नव्हता. वळणं पुढून ठरत होतं. लिव्हर मागे ओढला, बोट आडवी होता होता थांबली आणि पुढची लाट कडेवरून आत आली. गुडघ्यापर्यंत भिजलो, बाकी काही झालं नाही. मामांना फोन केला तर त्यांनी एवढंच विचारलं, "इंजिन आत होतं ना?" मागून लाटा असतील तर नाक थोडं वर ठेवायचं, आणि वेग लाटेच्या बेताने. हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

उथळ पाण्यातली चूक त्या मानाने किरकोळ. गाळ लागू नये म्हणून इंजिन टिल्टच्या पट्ट्यात उचलून चाललो होतो, आणि मागून निघणारी पाण्याची बारीक धार बंद झाल्याचं लक्षातच आलं नाही. थंड करणारं पाणी आत ओढायच्या जाळ्या पंख्याच्या वर, इंजिनाच्या पायाला असतात. त्या पाण्याबाहेर आल्या की इंजिन तापतं. अलार्म वाजला तेव्हा बंद केलं. आता इतकं वर उचलायचं झालं तर अगदी रांगत्या वेगात, आणि डोळे त्या धारेवर.

सहा टिचक्यांचं गणित मात्र सुट्टीच्या दिवशी मोडलं. दोघे मित्र पुढच्या भागात बसले, नांगराची पेटी तिथेच. सहाव्या टिचकीला बोट जुन्यासारखीच जड, चाक उजवीकडे ओढतंय, तुषार पुढून. आठ टिचक्या लागल्या. दुपारी तेच दोघे मागच्या बाकावर आले आणि टाकी नुकतीच भरलेली. आता चौथ्याच टिचकीला बोट उड्या मारायला लागली. वहीत मी मोठ्या अक्षरांत, चौकट करून लिहिलेला आकडा एका दिवसात दोनदा खोटा पडला. त्यानंतर मोजायचं सोडून दिलं. निघताना पूर्ण आत. प्लेन झाली की टिचकी, थांब, टिचकी, थांब. हातातली ओढ गेली का, तुषार मागे गेला का. नाकाने पहिली उडी घेतली की एक टिचकी परत. माणसं हलली, टाकी रिकामी झाली, वारा फिरला की पुन्हा. अंगठा आता बटणावरच असतो आणि बोलता बोलता हलतो. परवा बायको म्हणाली, तू गप्पा मारताना सतत काय टकटकवतोस?

मागच्या आठवड्यात बोट धुताना गेजवरची ती काळी चिकटपट्टी पाण्याने सुटून हातात आली. काटा मध्यावर होता. बटण दाबून इंजिन पूर्ण वर नेलं, पूर्ण खाली आणलं. काटा हलला नाही. कधीपासून मेलाय कोण जाणे. सेन्सर मागवायचा आहे, ते अजून राहून गेलंय.